एका लेकराला एक गाय

रंगूबाई सकाळच्या पहिल्या एसटीने पोलादपूरहून महाडला उतरते तेव्हा तिच्यापाशी चार किटल्या असतात. चारही लहानशा, आणि प्रत्येकीच्या कडीला वेगळ्या रंगाची चिंधी. नवा कंडक्टर असला की हमखास विचारतो, "आजी, एवढंसं दूध चार भांड्यांत कशाला? एकाच कॅनमध्ये ओता की." चार पोरं एकाच झबल्यात घाला असं कुणी सुचवल्यासारखी रंगूबाई त्याच्याकडे बघते आणि खिडकीकडे तोंड फिरवते. जुने कंडक्टर काही विचारत नाहीत. ते ड्रायव्हरच्या मागची जागा किटल्यांना देतात आणि गतिरोधक आला की ओरडतात, "हळू रे, पोरांचं दूध हाय!"

एका लेकराला एक गाय, हा रंगूबाईचा कायदा. तिच्या माहेरी, पाचाडच्या अंगाला, अंगावरचं दूध तुटलेल्या मुलाला एकाच गाईचं दूध लावायची रीत होती. आज हिचं, उद्या तिचं करायचं नाही. पोटाला ओळख लागते, म्हणत. ती रीत आता पाचाडातही कुणाला आठवत नसेल. रंगूबाईने मात्र ती धरून ठेवली, आणि धरून म्हणजे अगदी दावं मनगटाला गुंडाळून. पोलादपूरच्या वर जांभूळमाळ नावाची वीसेक घरांची वाडी आहे, तिथे तिचा गोठा. गोठ्यात चार गाई, आपल्या कोकणातल्या बुटक्या. दूध बेताचं, त्यात वासराचा वाटा आधी. जास्त दूध देणारी संकरित गाय घ्या, असं सांगायला येणाऱ्या साहेबांना ती चहा पाजून वाटेला लावते. हॉटेलला दूध देत नाही, पेढेवाल्याला देत नाही, मोठ्या माणसांच्या चहाला तर नाहीच नाही. "मोठ्यांना पिशवी हाय की," म्हणते. आणि मूल पाच वर्षांचं झालं की त्याचंही बंद. "आता भात खा नि शाळंत जा."

असा धंदा करून कुणी मोठं झाल्याचं ऐकिवात नाही. रंगूबाईही झाली नाही. बासष्ट वर्षांची, हडकुळी, कपाळावर आडवं गोंदण, पायात रबरी चपला, आणि बोलायची पाळी आली तर चार शब्द. पण चवदार तळ्याच्या मागच्या गल्लीत तिचं नाव निघालं की माणसं जरा सावरून बसतात. तिथले नागसेन सर हायस्कुलात विज्ञान शिकवतात, कुणाची फुकट स्तुती करणाऱ्यातले नव्हेत. ते एकवीस सालच्या पुरानंतरची गोष्ट सांगतात. घराघरांत गुडघाभर चिखल, दुकानांची शटरं वाकलेली, पिशवीचं दूध येणार कुठून? त्यांचा थोरला तेव्हा दोन वर्षांचा. पाणी ओसरल्यावर तिसऱ्या दिवशी ही बाई दारात उभी. थोडी वाट पायी, थोडी खडीच्या ट्रकातून, साडी मांड्यांपर्यंत चिखलाने माखलेली आणि किटलीची हिरवी चिंधी तेवढी स्वच्छ. "उकळायला चूल हाय का तुमच्याकडं?" एवढंच तिने विचारलं. चूल नव्हती. मग तिनेच तीन विटा मांडल्या.

ही गोष्ट वैशालीने नागसेन सरांकडून ऐकली, कारण ती त्यांच्या वरच्या मजल्यावर राहते. वैशाली महाडातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. नवरा सुनील ठाण्याला नोकरीला. शनिवारी वीर स्टेशनला उतरतो, रिक्षाने घरी येतो, आणि रविवारचा दिवस संपतो न संपतो तोच परत. मुलगी अनुष्का तेव्हा सव्वा वर्षाची. वैशाली पुन्हा कामावर जाऊ लागली, अंगावरचं पाजणं कमी झालं, आणि मुलीला आता कुठलं दूध द्यायचं हा प्रश्न घरात येऊन बसला. बसला म्हणजे पाहुण्यासारखा नव्हे, भाडेकरूसारखा.

सुनीलचं मत पक्कं होतं. त्याच्या ऑफिसातल्या लोकांची मुलं काचेच्या बाटलीतलं ऑरगॅनिक दूध पितात. त्या गाईंच्या चाऱ्याला खत नाही, फवारणी नाही, गाईंना इंजेक्शन नाही. बाटलीवर तसं छापलेलं, वर शिक्का. किंमत पिशवीच्या तिप्पट. "एकच मुलगी आहे आपल्याला," सुनील म्हणाला, आणि या वाक्यापुढे कुठल्या आईचं काही चालतं? महाडातला एक दुकानदार ते दूध मागवून द्यायचा, एक दिवसाआड गाडी यायची. हायवेवर खोळंबा झाला की यायची नाही. मग त्या दिवशी पिशवी. पिशवी आणली की वैशालीला अपराध्यासारखं वाटायचं, आणि बाटली आणली की वाटायचं, ठीक आहे, छापलंय खरं, पण आपण कुठे बघायला गेलोय? बालरोगतज्ज्ञांना विचारलं तर ते हसले. म्हणाले, "स्वच्छ असलं आणि नीट उकळलं की कुठलंही चालेल. दुधापेक्षा ती जेवते किती ते बघा." डॉक्टरांनी सोडवलेला गुंता घरी आणून पुन्हा गुंतवायचा, ही आईबापांची जुनीच खोड.

शेवटी नागसेन सरांनी रंगूबाईला वर पाठवलं. सरांची धाकटी श्रुतिका तिच्याच दुधावर वाढत होती. रंगूबाईने दुधाच्या भावाचं नाव काढलं नाही. आधी मुलगी बघितली. डोळ्यांखाली बोट लावलं, पोट चाचपलं, शी कशी होते ते विचारलं. मग उठली. "गाय रिकामी नाय गो बाय," म्हणाली आणि निघून गेली. वैशालीला गंमत वाटली आणि थोडा रागही आला. दूधवालीने गिऱ्हाईक पारखून नापास करावं, हे तिने कधी ऐकलं नव्हतं.

पुढच्या महिन्यात अनुष्काला जुलाब झाले. आठवडाभरात पोरगी अशी वाळली की तिच्या हातातल्या मनगट्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. जुलाब थांबले, पण ती काही केल्या खाईना. एका सकाळी खाली सरांकडे दूध घालून रंगूबाई सहज जिना चढून आली, उंबऱ्यातून मुलीकडे बराच वेळ बघत राहिली आणि गेली. दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा तिच्याजवळ तांबड्या चिंधीची किटली होती. "हिला मोरी गाय लावते," म्हणाली.

मोरीचं दूध अनुष्काला लागू पडलं. दोन महिन्यांत मनगट्या जागेवर आल्या, गाल भरले. वैशालीचा ऊर अभिमानाने भरून आला, आणि तिने तो लपवला नाही. लॅबमध्ये, वाणसामानाच्या दुकानात, फोनवर, जो भेटेल त्याला ती सांगू लागली, "आमचं दूध ऑरगॅनिकच्याही वरचं. गाई डोंगरात चरतात. खत नाही, इंजेक्शन नाही, काही नाही." सुनील म्हणायचा, "पण तपासतं कोण? काही कागद आहे का?" वैशाली म्हणायची, "रंगूबाई आहे ना." काचेची बाटली तिने बंद केली ती या एका वाक्याच्या जिवावर.

आणि मग कार्तिकातल्या एका सोमवारी रंगूबाई तीनच किटल्या घेऊन आली.

"आज दूध नाय गो बाय."

"का मावशी? गाय आटली का?"

"नाय."

"मग उद्या?"

"सांगन," म्हणाली, आणि नजर न देता जिना उतरली. वैशाली गॅलरीत आली तर खाली सरांच्या पातेल्यात हिरव्या चिंधीची किटली रिकामी होत होती. मंगळवारीही तेच. बुधवारी अनुष्काने पिशवीच्या दुधाचा पेला हाताने उडवला, तेव्हा वैशाली खाली धावली. "मावशी, निदान श्रुतिकाच्या दुधातलं कपभर तरी द्या." रंगूबाई दचकली. वैशालीने देवापुढचा नैवेद्य मागितला असता तरी ती एवढी दचकली नसती. "त्या पोरीचं हाय ते," म्हणाली.

संशय काही आमंत्रणाची वाट बघत नाही. लॅबमध्ये कुणीतरी म्हणालं की घाटातल्या रिसॉर्टवाल्यांना हल्ली गावठी गाईचं दूध लागतं, मागाल तो भाव देतात. सुनील फोनवर म्हणाला, "मी सांगितलं होतं." तेवढं पुरे होतं. वैशालीच्या मनात आता प्रश्न दुधाचा उरलाच नव्हता. ज्या बाईच्या शब्दावर आपण मुलीच्या तोंडी पेला लावला, ती बाई खरी की खोटी, हा प्रश्न होता. आणि खोटी असेल तर गेले पाच महिने आपण मुलीला नेमकं काय पाजलं?

रविवारी सुनीलच्या मांडीवर अनुष्काला ठेवून तिने स्कूटर काढली. पोलादपूर सोडून महाबळेश्वरच्या रस्त्याला लागली, मग उजवीकडे लाल मातीची चढण. वाटभर ती मनातल्या मनात भांडत होती. भात कापून झालेली खाचरं, कडेला पेंढ्याच्या उडव्या, वर डोंगराची काळी भिंत. एरवी तिने गाडी थांबवून फोटो काढले असते. वाडीच्या तोंडाशी डोक्यावर गवताचा भारा घेतलेला एक म्हातारा भेटला. तो निघाला रंगूबाईचा नवरा चांगू.

"रंगीकडं आलाव? हाय की घरात," तो भाऱ्याखालून म्हणाला. "बसली असंल वाट्या मांडून. आठ दिस झालं, माझ्यापेक्षा वाट्यांशीच जास्त बोलते."

वैशालीला त्यातलं काही कळलं नाही आणि कळून घ्यायचंही नव्हतं. ती अंगणात शिरली आणि जागच्या जागी थबकली. ओट्यावर तीनेक वर्षांचा मुलगा बसला होता, वरच्या ओठावर दुधाची पांढरी मिशी. त्याच्या हातात स्टीलचा पेला, आणि शेजारी कोपरा कापलेली दुधाची पिशवी. तीच, जी गेले सहा दिवस वैशालीच्या ओट्यावर पडत होती.

गोठ्यातून रंगूबाई बाहेर आली. वैशालीने तिला बसू दिलं नाही की बोलू दिलं नाही. "तुमच्या घरात पिशवीचं दूध, मावशी? स्वतःच्या गोठ्यात चार गाई असताना? मग मोरीचं दूध जातं कुठे? कोण देतं जास्त भाव? मला नुसतं सांगितलं असतंत तर मी समजून घेतलं असतं. माझ्या नवऱ्यासमोर मी तुमच्या नावाची शपथ घेतली होती."

रंगूबाईने सगळं ऐकून घेतलं. हात पदराला पुसले. "पित्या पोराच्या दारात गाईचं दुखणं बोलू नाय," ती म्हणाली. "आमच्यात नाय बोलत. पोराला बाधतं. म्हणून गप ऱ्हायले. आता तू माझ्या दारात आलीस, आता बोलते. ये आत."

गोठा झाडलेला होता, शेणाचा वास ताजा. कडेला मोरी उभी होती, काळसर, कपाळावर पांढरा ठिपका. रंगूबाईने तिच्या पाठीवर थाप मारली आणि वैशालीचा हात धरून कासेला लावला. एका बाजूला अजून गरम आणि टणक लागत होतं. मागच्या रविवारी कास सुजून दगडासारखी झाली, धारेतून गाठी आल्या. सोमवारी गुरांचे डॉक्टर आले. तीन दिवस सुया दिल्या, आणि शेवटच्या सुईनंतर चार दिवस दूध कुणाला देऊ नका, असं बजावून गेले.

"मग ते दूध?"

रंगूबाईने परसातल्या फणसाकडे बोट दाखवलं. बुंध्याशी खड्डा होता, वर ताजी माती. दोन्ही वेळची धार काढायची, नाहीतर कास आणखी सुजते. आणि काढलेलं सगळं त्या खड्ड्यात ओतून वर माती ओढायची. वासराला नाही, कुत्र्याला नाही, मांजराला नाही. दुधाचा थेंब सांडला तर बोटाने टिपून कपाळाला लावणाऱ्या पिढीतली ही बाई. "वतताना तिच्याशी बोलते गो," ती म्हणाली. "मोरीला सांगते, माफ कर बाय, तुझं दूध वाईट नाय, दवा हाय त्याच्यात."

वैशालीचा राग उतरला होता, पण ती लॅबची बाई होती. तिने बोटांवर मोजलं. "म्हणजे आज डॉक्टरांचे दिवस संपले. उद्यापासून दूध चालू."

"डॉक्टरचं संपलं," रंगूबाई म्हणाली. "दही अजून नाय म्हणतंय."

तिने स्वयंपाकघराचं दार लोटलं. भिंतीतल्या फळीवर वाट्या मांडल्या होत्या. वरच्या ओळीत सहा, खालच्या ओळीत सहा. वरची ओळ मोरीच्या दुधाची, सोमवारपासून कालपर्यंत, रोजची एक. रंगूबाईने एकेक वाटी तिरकी करून दाखवली. पहिल्या चार पाण्यासारख्या हलल्या. पाचवी थोडी चिकट, तारा सुटणारी. कालची दाटसर, पण मध्ये अजून डचमळत होती. रोज दूध उकळायचं, कोमट झालं की विरजण लावायचं, आणि दुसऱ्या दिवशी बघायचं.

"आणि ही खालची ओळ?"

"ती तांबू गाईच्या दुधाची, वासराच्या वाट्यातलं चार चमचे. तेच विरजण, तेवढंच." खालच्या सहाही वाट्यांत घट्ट पांढरं दही लागलेलं होतं. "नुसती मोरीची लावली नि दही नाय झालं, तर दूध वाईट का विरजण वाईट, कसं कळायचं? म्हणून तांबूची शेजारी."

वैशाली त्या फळीसमोर उभीच राहिली. लॅबमध्ये ती रोज हेच करते. काचेच्या बशीत जंतू वाढवायचे, त्यावर औषधाची चकती ठेवायची, आणि चकतीभोवती जंतू मेले का ते बघायचं. सोबत औषध नसलेली एक बशी तुलनेला. हे शिकायला तिला तीन वर्षं कॉलेजात घालवावी लागली होती. दही लावणारे जंतू औषधाने मरतात, म्हणून औषध उतरलेल्या दुधाचं दही लागत नाही, हे तिला पुस्तकातून माहीत होतं आणि आजवर कधी घरात सुचलं नव्हतं. आणि इथे, जिथे मोबाईलला रेंज मिळायला आंब्यावर चढावं लागतं, तिथे सही करता न येणाऱ्या बाईने हेच शास्त्र फळीवर मांडून ठेवलं होतं. खोटं कशाला बोला, वैशालीला त्या वाट्यांना हात जोडावेसे वाटले.

"हे तुम्हाला कुणी शिकवलं, मावशी?"

"शिकवंल कोण?" रंगूबाईला प्रश्नच विचित्र वाटला. "किशोर माझा दहावीला होता तवाची गोष्ट. गाईला सुया दिल्या. डॉक्टर म्हणाला दूध इकू नका. म्हटलं इकत नाय, पण फेकू कशाला, दही लावून घरात खाऊ. लागलंच नाय. दुसऱ्या दिशी नाय, तिसऱ्या दिशी नाय. सातव्या दिशी लागलं. तवा म्हटलं, जे दूध दह्यालाबी चालत नाय, ते पोराला कसं चालंल?"

वैशाली खाली बसली. तिने जे इतके दिवस छातीठोकपणे सांगितलं होतं तेच उलटं करून सांगितलं. "मी सगळ्यांना सांगत होते, तुमचं दूध ऑरगॅनिक आहे. म्हणजे इंजेक्शन नाही, औषध नाही. बाटलीवर तसं लिहितात."

"आणि त्यांच्या गाईची कास सुजली तर?"

"तर औषध देतात, पण मग ती गाय बाजूला काढतात. तिचं दूध बरेच दिवस त्या बाटलीत घालत नाहीत."

"मग बरंच हाय की," रंगूबाई म्हणाली. "त्ये थांबतात, मी थांबते. पिशवीवाले?"

"तेही तपासतात. नियम आहे."

"मग भांडण कशाचं?"

इतके महिने वैशाली शिक्का, कागद, चारा, भाव यांची तुलना करत बसली होती. गाय आजारी पडली तर दवा द्यायलाच हवी, नाहीतर ती तडफडेल. आणि दवा दिली तर थांबायला हवं. कोण खरंच थांबतं आणि कोण नाही, हे बघायला गिऱ्हाईक कधीच गोठ्यात नसतं. इथेही कुणी नव्हतं. मोरीचं दूध चिंधी बांधून महाडात आणलं असतं, तर महाडच्या कुठल्या आईला कळलं असतं? वैशालीला तर नक्कीच नाही. ती लॅबची बाई असूनही नाही.

ओट्यावरचा मुलगा पेला घेऊन आत आला आणि रंगूबाईच्या कुशीत घुसला. हा स्वराज, किशोरचा मुलगा. किशोर आणि त्याची बायको दोघंही मुंबईला कामाला, म्हणून पोरगा आजीकडे. वैशालीला आपलं मघाचं बोलणं आठवलं आणि कानशिलं तापली. तरी तिला एक कोडं सुटत नव्हतं.

"पण मावशी, मोरी आजारी. याला पिशवी का? बाकीच्या तीन गाई आहेत ना? तांबूचं द्यायचं याला."

"तांबू मास्तरांच्या पोरीची. बाकी दोघी बी दुसऱ्या पोरांना बोललेल्या. त्यांच्या किटलीत हात घालून ह्याला देऊ? पिशवीबी दूधच हाय. मी पोलादपूरवरनं आणते, उकळून देते."

"मग याची गाय कुठली?"

रंगूबाईने मुलाच्या ओठावरची मिशी पदराने पुसली. "मोरीच की," म्हणाली. "तू पयल्यांदी बोलवलंस तवा गाय रिकामी नव्हती, सांगितलं नव्हतं? मग तुझी पोर बगितली. हाडं दिसत व्हती. हा काय, भाकरीबी खातो, नाचणीची आंबील पितो. ह्याच्यातलं निम्मं तिला बांधलं."

बाहेर चांगूने भारा टाकल्याचा आवाज झाला. वैशालीने डोळे पुसले आणि माफी मागितली. रंगूबाईला माफी कशाला हवी तेच कळलं नाही. ती म्हणाली, "बस, चहा टाकते. काळा घ्यावा लागंल."

त्या संध्याकाळी घरी येऊन वैशालीने सुनीलला सगळं सांगितलं. बारा वाट्यांपर्यंत तो मध्ये मध्ये प्रश्न विचारत होता. स्वराजपाशी आल्यावर त्याने अनुष्काला उचलून घेतलं. निघताना तो एवढंच म्हणाला, "तिचं दूध सुरू होईपर्यंत पिशवीच आण. तिच्या नातवाला चालते, तर आपल्या मुलीलाही चालेल." वैशाली रोज पिशवी उकळायची, आणि आता अनुष्काने पेला उडवला तरी तिला अपराध्यासारखं वाटत नव्हतं.

सोमवारी रंगूबाई तीन किटल्या घेऊन आली. वैशालीने जिन्यातूनच विचारलं, "लागलं?" रंगूबाईने मान हलवली, नाही. मंगळवारीही नाही. वैशालीच्या लॅबमध्ये आता सगळ्यांना ठाऊक झालं होतं, तिचे डॉक्टरसुद्धा येताजाता विचारू लागले होते, "काय, दही काय म्हणतंय?" बुधवारी रंगूबाई जिन्यात दिसली ती हसत. तिचा एक दात पडलेला आहे, हे वैशालीला त्या दिवशी प्रथमच दिसलं. "लागलं गो बाय! सुरीनं कापावं असं लागलं." पण तिच्यापाशी किटल्या तीनच होत्या.

"मग मोरीचं दूध?"

"दोन दिस थांब."

गुरुवारीही तीन. शुक्रवारी चार, आणि चौथीला तांबडी चिंधी. वैशालीने दोन्ही हातांनी किटली घेतली. ती अजून कोमट होती.

"डॉक्टरांचे दिवस संपले, दही लागलं, तरी दोन दिवस कशाला हो मावशी?"

"परवा मी प्याले. काल स्वराजला दिलं."

वैशाली हसली. "बरं केलंत. आधी त्याचाच हक्क. त्याचीच गाय ती."

"हक्काचं नाय गो," रंगूबाई म्हणाली. ती खाली वाकून बाकीच्या किटल्या उचलत होती, आणि हवापाण्याचं सांगावं तशा आवाजात सांगत होती. "माझ्या म्हाताऱ्या पोटाला काय कळतंय? पोराचं पोट पोराला कळतं. त्याला पाजलं नि रातभर अंगावर हात ठेवून ऱ्हायले. ताप नाय, पुरळ नाय, सकाळी शी बी चांगली झाली. तवा म्हटलं, आता दुसऱ्याच्या पोरीला द्यायला हरकत नाय."

वैशालीच्या हातातली किटली एकदम जड झाली. वाकून पाय धरायला हवे होते, पण तोवर रंगूबाई जिना उतरून नागसेन सरांच्या दाराशी पोचली होती आणि श्रुतिकाच्या नावाने हाक मारत होती. वैशालीने दूध पातेल्यात ओतलं, गॅस बारीक केला आणि तिथेच उभी राहिली. आतून अनुष्का उठल्याचा आवाज आला, तरी पहिला कढ येईपर्यंत तिने पातेल्यावरची नजर हलवली नाही.